पेडलबाई

“सगळ्यात आधी हे काढा,” साहेब म्हणाले आणि त्यांनी टेबलाखाली बोट दाखवलं.

टेबलाखाली तिचं पेडल होतं. चपलेएवढं, काळं, मधोमध घासून पांढुरकं झालेलं. मधला भाग दाबला की कानातल्या हेडफोनवर डॉक्टरांचा आवाज सुरू व्हायचा, पाय उचलला की थांबायचा आणि डावीकडे टेकवला की दोन-चार शब्द मागे जायचा. रुग्णालयाच्या नोंदी विभागात गेली एकोणीस वर्षं ती हेच करत होती. डॉक्टरांनी बोलून ठेवलेले अहवाल ऐकायचे आणि टाइप करायचे. बोटं कीबोर्डवर, लगाम पायाशी. सगळे तिला पेडलबाई म्हणत. खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं.

“नवी डिस्क घेतली, नवा कॉम्प्युटर घेतला आणि वेग बघा, गोगलगायीला लाज वाटेल,” साहेब म्हणाले. “रोज सकाळी वॉर्डातनं रेकॉर्डिंगची डिस्क येते. बारा वाजता माणूस ती परत न्यायला येतो, तोवर निम्म्याच फायली उतरलेल्या असतात. दीड महिन्याचं काम तुंबलंय! कॉम्प्युटरला जोडलेल्या एकाच हबच्या डबीत नवी डिस्क आणि हे पुराणं खेटर. जुनं नव्याला खाली ओढणारच.”

“बरं,” ती म्हणाली.

“सोमवारपासून पेडल बंद. त्याशिवाय जमत नसेल तर खिडकीवर बसा. लोकांना जुने कागद शोधून द्यायला माणूस हवाच आहे.”

“बरं.”

साहेब जरा घुटमळले. तिनं हुज्जत घालावी, निदान तोंड वाकडं करावं, अशी त्यांची अपेक्षा असावी. पण सहा आठवडे झाले, ती ‘हो’ आणि ‘बरं’ यांच्या पलीकडे फारसं बोलत नव्हती. सहा आठवड्यांपूर्वी याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, तिचा नवरा गेला. आठव्या दिवशी ती कामावर हजर झाली. तिला धीर द्यायला आलेल्या बायकाच रडून गेल्या आणि तिनं त्यांना पाणी दिलं. मुलगी परगावाहून रोज फोन करायची.

“जेवलीस का?”

“हो.”

“काय जेवलीस?”

मग आठवावं लागायचं.

साहेब गेल्यावर तारमास्तर आले. विभागातल्या सगळ्या यंत्रांच्या तारा हेच बघायचे. निवृत्तीला आले होते आणि वाकताना दोन्ही गुडघ्यांच्या नावानं शिव्या घालायचे.

“बाई, पेडल काढायला सांगितलंय,” ते म्हणाले. “काढतो. पण आधी बघतो. उगाच चोर सोडून संन्याशाला फाशी नको.”

त्यांनी पेडलची वायर उपटली आणि फायली उतरवायला लावल्या. पडद्यावर आकडा आला : बाकी वेळ पाच तास.

“पेडल नाहीये, तरी पाच तासच. म्हणजे संन्यासी सुटला.”

मग त्यांनी डिस्कही डबीतून काढली आणि कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला, आतून निळ्या असलेल्या, वेगवान भोकात थेट खोचली. तरीही पाच तास. तारमास्तरांनी डोकं खाजवलं, डिस्कची वायर हातात धरून उलटीसुलटी केली आणि स्वतःशीच हसले.

“ही वायर डिस्कबरोबरची नव्हेच. कुणीतरी खणातली जुनी लावलीय. बसते म्हणून लावली.”

डिस्कच्या खोक्यातली मूळ वायर लावल्यावर आकडा पडला तो थेट बावीस मिनिटांवर. तीच जुन्या डबीतून लावली, तर पुन्हा पाच तास. खिशातून त्यांनी एक नवी, चार भोकांची डबी काढली, तीत डिस्क लावली, शेजारीच पेडल लावलं. आकडा हलला नाही.

साहेबांना बोलावणं गेलं. ते उभे राहून बघत राहिले.

“पण दोन्ही एकत्र आहेत,” ते म्हणाले.

“असू देत की. या नव्या डबीत जुन्या वस्तूंसाठी तारा वेगळ्या आणि नव्यांसाठी वेगळ्या. पेडल आपल्या वाटेनं सावकाश जातं, डिस्क आपल्या वाटेनं पळते. कुणी कुणाला अडवत नाही. अडवत होती ती मधली जुनी डबी आणि ती वायर. त्यांच्यातून जायचं म्हटलं की नवी डिस्कही म्हातारीच्या चालीनं चालणार.”

“मग राहू दे पेडल,” साहेब म्हणाले. तिच्याकडे न बघता म्हणाले आणि निघून गेले.

“बाई, तुमची खिडकी टळली,” तारमास्तर म्हणाले.

“हो.” मग काहीतरी राहिलंसं वाटून ती म्हणाली, “उपकार झाले.”

अकरापर्यंत सगळ्या फायली उतरल्या. आजवर मागे राहिलेल्याही. यादीत सगळ्यात जुनी सर्वांत वर असे आणि वरून खाली जायचं, अशी तिची रीत. तिनं हेडफोन लावला, पाय दाबला. तीन अहवाल झाले. चौथ्यात डॉक्टरांनी घसा साफ केला, रुग्णाचं नाव घेतलं, वय सांगितलं.

तिनं पाय उचलला.

शेजारच्या टेबलावरचीनं मान वळवली. इतकी वर्षं शेजारी बसून तिला पेडलबाईच्या बोटांच्या आवाजाची सवय झाली होती. आवाज थांबलेला तिला कळला. ती उठून आली, पडद्यावरचं नाव वाचलं आणि तिनं खांद्यावर हात ठेवला.

“अगंबाई! हा मला दे. मी करते.”

“नको.”

“अगं, ऐक माझं. घरच्या माणसाचं घरच्यानं करू नये.”

“माझ्या यादीत आलाय,” ती म्हणाली.

तिनं पाय दाबला. आवाज शांत होता, थोडा थकलेला. मागे कुणीतरी कपात चमचा ढवळत होतं. दाखल केल्याची तारीख. तक्रारी. दिलेली औषधं, त्यांची प्रमाणं. माहिती देणारी व्यक्ती : पत्नी. ती प्रत्येक शब्द टाइप करत गेली. कठीण शब्दांची स्पेलिंगं तिला पाठ होती. एकदाही अडखळली नाही.

शेवटी डॉक्टरांनी मृत्यूची वेळ सांगितली. दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

तेव्हा ती तिथंच होती. पलंगासमोर घड्याळ होतं. तिच्या हातातला हात सैल पडला तेव्हा चार वाजून तीन मिनिटं झाली होती. मग तिनं बेल दाबली, नर्स आली, नर्सनं डॉक्टरांना बोलावलं.

तिनं पाय डावीकडे टेकवला. आवाज मागे गेला, पुन्हा पुढे आला. चार वाजून दहा मिनिटं.

ऐकलं तेच लिहायचं, हा विभागाचा नियम होता. नव्या मुलींना तो तीच शिकवायची.

तिनं चार-दहा लिहिलं. अहवाल एकदा वरपासून खालपर्यंत वाचला, एक स्वल्पविराम राहिला होता तो दिला. खाली, टाइप करणाऱ्याच्या जागी, आपली आद्याक्षरं घातली आणि अहवाल पुढे पाठवला.

पुढचा एका बाईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा होता. डॉक्टर भराभर बोलत होते. तिला दोनदा मागे जावं लागलं.