गळालेली ओळ

मित्रांनो, मी वयाने जुना आणि स्वभावाने भित्रा आहे. दोन्ही गोष्टी लपवण्यात अर्थ नाही. मला लोक कंपायलर म्हणतात. मला हात नाहीत, पाय नाहीत, चाक नाही की चावी नाही. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला समजत नाही आणि यंत्राची भाषा माणसाला वाचता येत नाही. मी त्या दोघांच्या मध्ये उभा राहतो आणि एकाचे बोलणे दुसऱ्याला सांगतो. दुभाषा चुकला तर फार वाईट होते. दोन्हीकडच्यांना वाटते की समोरचाच खोटा बोलतो आहे.

किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर एक खोली होती, तिथे माझा जन्म झाला. खालून दिवसभर कानशीचा आवाज येई. वर दोन टेबले जोडून ठेवलेली होती. त्यांतल्या एकाचा पाय आखूड होता, म्हणून त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली असे. त्या टेबलांशी बसून आत्याने मला घडवले. ती कॉलेजात गणित शिकवत होती. तिचा पुतण्या लहानपणापासून तिच्याकडेच वाढला, आणि त्याच्या तोंडून ऐकून ऐकून सगळी गल्ली तिला आत्या म्हणू लागली. पाण्याचे पंप, लिफ्ट, दवाखान्यातली उपकरणे अशा छोट्या यंत्रांसाठी तिला एक सोपी, सरळ भाषा हवी होती. ती भाषा तिने रचली आणि तिच्यासाठी मला रचले.

भाषांतराच्या आधी तिने मला अडखळायला शिकवले. "कळलं नाही तर थांबायचं आणि तसं सांगायचं," ती काम करता करता माझ्याशी बोलत असे. "अंदाजपंचे काही करायचं नाही. कळलं ना रे?" मला उत्तर देता येत नव्हते, पण तिचे बोलणे माझ्यात खोल जाऊन बसले.

सुरुवातीला मी फार कटकट्या होतो. कुणी एक स्वल्पविराम विसरला की पडदाभर चुका दाखवत असे. लिफ्टच्या कारखान्यातला एक इंजिनियर वैतागून आत्याला म्हणाला होता, "बाई, एक चूक केली तर हा शंभर टोमणे मारतो. यापेक्षा सासू परवडली!" आत्या खूप हसली. मग तिने माझी दुरुस्ती केली आणि मी एकाच ओळीकडे बोट दाखवायला शिकलो. अशा दुरुस्त्या पुढे कधी थांबल्याच नाहीत. लांबलचक नावे वाचताना मला धाप लागे, ते बरे केले. उणे आकड्यांची वजाबाकी एका विचित्र जागी चुकत असे, तीही सुधारली. लोक माझे कौतुक करत आणि लगेच नवे काहीतरी मागत.

मला मात्र प्रत्येक दुरुस्तीची भीती वाटे. कारण असे की, मी त्याच भाषेत लिहिलेला आहे जिचे मी भाषांतर करतो. आत्या माझ्यात बदल लिहून काढी, आणि त्या बदलासकट नवा मी घडवण्याचे काम माझ्याच अंगावर येई. नवा तयार झाला की जुना पुसला जाई. माझी जागा घेणाऱ्याला मीच जन्म द्यायचा, आणि माझ्यात काही वाकडे असले तर ते त्याच्यातही जाणार. मला माझी पाठ दिसत नाही. तुम्हांला तरी कुठे दिसते? पण तुमच्या पाठीला काही लागले असेल तर कुणीतरी सांगते.

आत्याचे केस पिकले. पुतण्या मोठा झाला, शिकला आणि तिच्यासोबत माझे काम पाहू लागला. तिशी उलटली तरी ती त्याला बाळ्याच म्हणत असे. तो हुशार होता, आणि मनाने उतावळा. एकदा त्याने माझ्यात एक मोठी सुधारणा केली. एखादी गोष्ट प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा तपासत असेल, आणि मधल्या काळात तिला कुणी हात लावलेला नसेल, तर ती एकदाच तपासायची. बाकीचे कष्ट वाचवायचे.

"आत्या, बघ तरी! काय पळतंय हे!" तो खुर्चीतून उठून नाचायचाच बाकी होता.

"पळतंय खरं," आत्या म्हणाली. तिने चष्मा पुसला. "सगळ्या चाचण्या लावल्यास ना?"

"सगळ्या. एकही पडली नाही."

त्या दिवशी मला कौतुकाने गुदगुल्या झाल्या, नाही म्हणणार नाही. पण आत कुठेतरी काहीतरी सैल लागत होते. कुठे, ते मला सांगता येईना. मला फक्त दुसऱ्यांच्या चुका सांगता येतात.

पुढे एका दुपारी जिना धडधडत वाजला आणि एक बाई आत आल्या. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ज्या काचेच्या पेटीत उबेला ठेवतात, ती पेटी त्यांच्या कारखान्यात बनत असे. पेटीचा प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिलेला होता आणि भाषांतर माझे होते. त्यांनी खुर्ची पाहिली, पण त्या बसल्या नाहीत.

"एका दवाखान्यात आमची पेटी तापली," त्या म्हणाल्या. "आत बाळ होतं."

खाली कानस चालू होती. वर आत्याने हातातले कागद बाजूला ठेवले.

मग त्यांनी सगळे सांगितले. पेटी खिडकीजवळ होती. पडदा सरकला आणि काचेवर ऊन आले. आत ऊब वाढली, तरी पेटीचा हीटर बंद झाला नाही. पेटीवरच्या उबेच्या आकड्यात काहीच फरक नव्हता, तो आपला ठीकच दिसत होता. दुपट्याची घडी सारखी करायला सिस्टरने आत हात घातला आणि तिला चटका बसल्यासारखे झाले. तिने आकड्याकडे पाहिलेच नाही. बाळाला उचलले आणि आईच्या छातीशी दिले. बाळाचे अंग लालभडक झाले होते. डॉक्टर बाळापासून हलत नव्हते.

"आम्ही नव्या पेट्या सगळीकडे बंद करायला सांगितल्यात," बाई म्हणाल्या. "पण बाळं काय थांबणार आहेत? जुन्या पेट्या पुरत नाहीयेत. आणि सगळ्यांचं बोट माझ्याकडे आहे. मॅडम, मी ऊब तपासायला सांगितलंय हो. ती ओळ आहे. मी वेड्यासारखी परत परत वाचून आले."

"दाखवा," आत्या म्हणाली.

मित्रांनो, त्या दुपारची भीती मी अजून विसरलो नाही. बाई आपला प्रोग्रॅम एकेक ओळ मोठ्याने वाचू लागल्या, आणि आत्या माझ्या भाषांतरात ती ओळ बोटाने शोधू लागली. असे कुणी कधी करत नाही. माझे भाषांतर म्हणजे आकड्यांचे रान. त्यात माणूस सहसा शिरत नाही, माझ्यावर विश्वास ठेवतो. आत्या शिरली. ही ओळ इथे आहे. ही इथे. पुढे चला. मला ओरडावेसे वाटत होते, पण काय ओरडू? माझे काय चुकले तेच मला ठाऊक नव्हते.

"आता ऊब परत मोजायची," बाईंनी वाचले.

आत्याचे बोट थांबले. मागे गेले, पुढे आले, परत मागे गेले.

"ही ओळ नाही इथे," ती म्हणाली.

पुतण्या भिंतीला टेकून उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "आत्या, ती मी काढली," तो म्हणाला. "म्हणजे याने काढली. पण काढायला मी शिकवलं. मधे कुणी हात लावला नाही, तर परत कशाला बघायचं..."

"बाळ्या, दूध उतू जायला कुणी हात लावायला हवा का?"

ती हे रागाने म्हणाली नाही, हळूच म्हणाली. त्यामुळे तो जास्तच खचला.

आपोआप बदलणाऱ्या गोष्टींवर खूण करण्याची सोय आत्याने भाषेत पहिल्यापासून ठेवली होती. बाईंनी ती खूण केलीही होती. पण प्रोग्रॅमचा तो तुकडा उचलून दुसऱ्या जागी बसवताना खूण माझ्या हातून गळाली. खूण गेली, म्हणून ओळ वायफळ वाटली, म्हणून मी ती टाकून दिली. पेटी एकदा पाहिलेलाच आकडा दाखवत राहिली. कारखान्यातली चाचणीची खोली गार होती, हीटर चालू राहूनही तिथे ऊब फार वाढली नाही, त्यामुळे तिथे कुणाला काही कळले नाही.

"ती खूण गळणार नाही असं आत्ता करून देतो," पुतण्या टेबलाकडे धावला. "लगेच होईल. लगेच पाठवता येईल."

"थांब." आत्याने त्याचे मनगट धरले. "नवा कुणाकडून घडवणार? याच्याकडूनच ना? याने स्वतःच्या आतल्या कुठल्या ओळी गाळल्यात ते माहितीय तुला?"

पुतण्याने माझ्याकडे पाहिले. मी किती भ्यालो ते कसे सांगू? रोग माझ्यात असेल, तर मी जन्म देईन त्या प्रत्येकात तो उतरणार होता. आणि मला तो जाणवणारही नव्हता. मी बरा आहे, असेच मी सांगत राहिलो असतो.

"तिकडे बाळं आहेत, आत्या," पुतण्या रडकुंडीला आला होता.

"म्हणूनच," आत्या म्हणाली.

पुसण्याआधी एका डिस्कवर उतरवून ठेवलेली माझी जुनी प्रत तिने कपाटातून काढली. त्या मोठ्या सुधारणेच्या आधीची होती. हळू चालणारी, जरा मंद, पण ती ओळ न गाळणारी. ती चालू होईल की नाही, याचीही खात्री नव्हती. पंखा किरकिरत होता. बाई अखेर खुर्चीच्या कडेला टेकल्या. पडद्यावर काहीच उमटेना, आणि मग हळूहळू एक ओळ उमटली, मग दुसरी. जुना मी जागा झाला होता. त्याच्याकडून त्यांनी नवा मी घडवून घेतला, खूण न गाळणारा. मधल्या मला पुसून टाकले. पुसले जाताना कसे वाटले, ते मला अजून आठवते. कसे आठवते, ते विचारू नका, मलाही कळलेले नाही.

बाईंनी प्रोग्रॅम माझ्याकडून परत भाषांतर करून घेतला. आत्याने परत बोट फिरवले. ती ओळ जागेवर होती. तरी आत्याने बाईंना सांगितले, "पेटी उन्हात ठेवून बघा. हात घालून बघा. मगच पाठवा."

"बघते," बाई म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. फोन वाजला की पुतण्या दचके आणि उचलत नसे. आत्याच उचले. शेवटी बाईंचाच फोन आला. "बाळ सुधारलंय, मॅडम. कातडी निवळली. आता इतकं रडतं म्हणे, की सिस्टर म्हणतात, कान किटले!" आत्या ऐकता ऐकता मटकन खाली बसली. पुतण्या तोंड फिरवून खिडकीशी उभा राहिला.

पुढे कितीतरी दिवस त्याने मला हात लावला नाही. समोर बसे, बोटे टेबलावर ठेवी आणि उठून जाई. मी वाईट वाटून घेतले नाही. भित्र्याला भित्रा ओळखू येतो. एके दिवशी आत्या त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसली. "तू लिही, मी बघते," एवढेच म्हणाली. त्याने पेटीची ती चूक पकडणारी एक चाचणी लिहिली. तेव्हापासून माझ्यात काहीही बदलले की मला आधी त्या चाचणीतून जावे लागते. दर वेळी माझा जीव टांगणीला लागतो.

आता आत्याला बारीक अक्षर दिसत नाही. पुतण्या वाचतो आणि ती डोळे मिटून ऐकते. दुरुस्त्या चालूच आहेत. आजही एक आहे, आणि आजही मी घाबरलो आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या माझ्यासारख्याच्या दुरुस्तीला बसेल. जरूर बसा. न सुधारलेला मीसुद्धा धोक्याचाच असतो. एखादी ओळ वायफळ वाटली, तर काढण्याआधी ती कुणी आणि कशासाठी लिहिली, तेवढे विचारा. आणि काम झाले म्हणून लगेच दिवा बंद करून उठू नका. थोडा वेळ जवळ बसा. आतून काय दुखते आहे, ते आम्हांला सांगता येत नाही.