घेण्यास नकार

माझ्या नवऱ्याने सख्ख्या बहिणीचं पत्र दारातून परत पाठवलं, ते एका शिक्क्यासाठी. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. उलट धाकटीवर त्यांचा फार जीव होता. म्हणून तर जास्त राग येतो.

हे वजनमापे खात्यात. दिवसभर दुकानदारांचे काटे तपासायचे आणि घरी येऊन पोस्टाची तिकिटं जमवायची. तीही साधी नव्हेत. टपालाचे दर वाढले की जुनी तिकिटं अपुरी पडतात, मग टपाल खातं घाईघाईने फरकापुरतं एक छोटं तिकीट काढतं. ना चित्र, ना धड रंग, नुसता आकडा. त्याच्यामागे हे वेडे. ते तिकीट नव्या दराच्या पहिल्याच दिवसांत खऱ्याखुऱ्या पत्रावर लागलेलं हवं. आपणच आपल्याला पाठवलेलं चालत नाही. त्याहून दुर्मीळ म्हणजे दर वाढल्याचं ठाऊक नसलेल्या कुणीतरी जुनंच तिकीट लावून टाकलेलं पत्र. त्यावर दंडाचा शिक्का बसतो. घेणाऱ्याने दंड भरला नाही तर आणखी एक, ‘घेण्यास नकार’. हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं, पण ते भरायला दुसऱ्याच कुणाला तरी लागतं.

त्या महिन्याच्या एक तारखेला दर वाढले. तीन तारखेला पोस्टमन दारात उभा.

“नॉटपेड आहे, तिकीट कमी पडलंय. मागे तुमच्या बहिणीचा पत्ता दिसतोय. फरकाच्या दुप्पट भरावे लागतील.”

धाकटीच्या पोटात गाठ निघाली होती आणि तपासणीचा निकाल यायचा होता. फोन आमच्याकडे नव्हता, तिच्याकडेही नव्हता. माझा जीव टांगणीला लागलेला. मी डब्यातले सुटे पैसे घेऊन आले, तर हे पाकीट उजेडात धरून चक्क हसतायत.

“घेत नाही,” हे म्हणाले. “नकाराचा शिक्का मारून परत पाठवा.”

“अहो, निकाल असेल त्यात.”

“चार दिवसांचा तर प्रश्न. आजच लिहितो तिला, पाकीट फोडू नकोस, जपून ठेव, आणि आतलं पुन्हा कळव. सगळे शिक्के एकाच पाकिटावर! जन्मात मिळायचं नाही असं.”

“बहीण तरी कुठे मिळते दुसरी?”

पोस्टमनने माझ्याकडे पाहिलं. पैसे माझ्या मुठीत होते. ते त्याच्या हातावर ठेवायला मला कुणी अडवलं नव्हतं. पण परक्या माणसासमोर तमाशा नको, म्हणून मी गप्प बसले आणि पैसे परत डब्यात टाकले. ह्यांना नावं ठेवताना मी हे विसरत नाही.

पत्र त्यांनी खरंच त्याच दिवशी लिहिलं. पण पोस्टाच्या खिडकीवर फरकाची तिकिटं संपली होती, आणि त्याशिवाय पत्र घराबाहेर काढायला हे तयार नव्हते.

“मोठ्या किमतीचं एक लावा आणि मोकळे व्हा,” मी म्हटलं.

“मग त्या पाकिटात राहिलं काय?”

पालथ्या घड्यावर पाणी. नवी तिकिटं आठ तारखेला आली, तेव्हा कुठे पत्र पेटीत पडलं. बारा तारखेला संध्याकाळी धाकटीच्या नवऱ्याची तार आली. ऑपरेशन झालं, पण ती वाचली नाही.

तिच्या घरी पोहोचलो तेव्हा तो खुर्चीत नुसता बसून होता. त्याने ह्यांचं पत्र आणि परत आलेलं ते पाकीट आणून समोर ठेवलं. पाकीट फोडलेलं नव्हतं.

“तुमचं पत्र काल आलं,” तो म्हणाला. “जपून ठेवायला सांगितलंत, ठेवलंय.”

तो चिडला असता तर बरं झालं असतं.

“परत आलं तेव्हा ती हसली हो. म्हणाली, दादाकडे सुटे नसतील. बाराला सकाळी ऑपरेशनसाठी आत न्यायला आले, तर तासभर हटून बसली. दादा येतोय, म्हणे. सारखी दाराकडे बघत होती. शेवटी डॉक्टर रागावले, तेव्हा गेली. तुम्ही येणार असं तिच्या डोक्यात कुठून आलं, देव जाणे.”

ह्यांनी मान खाली घातली. आम्हालाही ते समजेना.

सोळा तारखेला आम्ही घरी परतलो. कुलूप काढतोय एवढ्यात तोच पोस्टमन आला. दरांच्या गोंधळात टपाल तुंबलं होतं म्हणाला. त्याने एक पाकीट पुढे केलं. वर धाकटीचं अक्षर, नऊ तारखेचा शिक्का, आणि पत्त्याला जेमतेम जागा उरेल इतकी तिकिटं.

“काही भरायचं नाही साहेब,” तो म्हणाला. “उलट जास्तच लावलंय त्यांनी.”

ह्यांनी ते हातात घेतलं, आणि इतकं सगळं होऊनसुद्धा त्यांची नजर आधी तिकिटांवरून फिरली. ते त्यांच्याही लक्षात आलं. मी पाकीट काढून घेतलं, फाडलं, आणि तिथेच उंबऱ्यात उभी राहून मोठ्याने वाचलं.

“दादा, मागच्या वेळी तिकीट कमी पडलं, तुला उगाच भुर्दंड. बाराला सकाळी ऑपरेशन आहे. मला फार भीती वाटते, ह्यांना सांगत नाही. तू आलास की मी आत जाईन, तोवर डॉक्टरांना थांबवून धरते. या वेळी भरपूर तिकिटं लावलीत. हे तरी घे.”