खाली वाकलेलं हँडल

मी एक हँडल. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, शर्यतीच्या सायकलचं. सध्या माझ्यामागे सायकल नाही. का नाही, तेच सांगतो.

कारखान्यात एका सरळ नळीला वाकवून मला घडवलं. दुकानात माझ्यावर नजर पडली ती एका तरण्याबांड कंपाउंडरची. टेकडीवरच्या दवाखान्यात त्याला नुकतीच नोकरी लागली होती.

"हेच बसवा," तो म्हणाला.

"रोज चढ आहे ना?" दुकानातले मिस्त्री म्हणाले. "रुंद घ्या. हात मोकळे राहतात."

पण ऐकतो कोण! त्याला वाऱ्याला मागे टाकायचं होतं.

एकतीस वर्षं आम्ही तो चढ चढलो. त्याच्या तळहातांनी माझ्यावरची पट्टी झिजवली, मी त्याच्या तळहातांवर घट्टे उठवले. सपाट रस्त्यावर आमच्या पुढे कुणी गेलं तर शपथ!

मग त्याच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. मान धरू लागली. अर्ध्या चढावर तो उतरायचा आणि कुणी ओळखीचं दिसलं की उगाच चेनशी खाटखूट करायचा. एका सकाळी बायकोला म्हणाला, "सायकल विकून टाकू. झालं आता माझं."

"अहो, नजर कमी झाली की माणूस चष्मा बदलतो, डोळे विकत नाही," ती म्हणाली आणि त्याला मिस्त्रींकडे घेऊन आली.

मिस्त्रींचेही केस पिकले होते. त्यांनी टेपनं त्याचे खांदे मोजले. एक रुंद, जरा उंच, हातांकडे वळलेलं हँडल काढलं. पाना फिरला आणि मी बाकावर आलो.

"जरा चढून या," ते म्हणाले.

खरं सांगतो, मनात आलं, नकोच जमायला.

अर्ध्या तासानं तो घामाघूम होऊन परतला. "कुठ्ठे उतरलो नाही! छाती भरून श्वास येतो हो!"

बायकोनं तोंड फिरवून डोळे पुसले. माझी मलाच लाज वाटली.

"हे जुनं भंगारात टाकू?" मिस्त्रींनी विचारलं.

"खबरदार!" तो ओरडला.

आता मी त्या नवरा-बायकोच्या घरी, गॅलरीत टांगलेला असतो. बाई माझ्यावर मोजे वाळत घालतात. शर्यतीच्या हँडलच्या नशिबी मोजे! असो. तुम्ही कधी हँडल घ्यायला गेलात, तर आधी खांद्यांना विचारा, मग आरशाला.

रोज साडेआठला तो निघतो. एकतीस वर्षं मी त्याच्या पुढे होतो, त्यामुळे त्याची पाठ मी कधी पाहिलीच नव्हती.

ताठ आहे. वळणापर्यंत दिसते.