शववाहिनीचा उजवा टायर

मी एक टायर बोलतोय. शर्यतीच्या गाडीचा नव्हे. ते बोलत नाहीत, ते फुटतात. मी शववाहिनीचा, मागचा, उजवीकडचा. माझ्या बोलण्यात जो संथपणा जाणवेल तो धंद्यामुळे आलेला आहे. कृपया त्याला आळस समजू नये.

कारखान्यातल्या जन्माबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही. उकाडा होता आणि वास होता. शवपेटी, फुलं आणि रडून थकलेली माणसं असा भार उचलायचा म्हणून माझ्या अंगावर चार थर जास्त रबर चढवलं गेलं. मग एका आगगाडीनं मला साउथ कॅरोलिनातल्या लाँगस्ट्रॉ नावाच्या गावी आणलं आणि ऑर्व्हिल टिमन्स यांनी मला आपल्या काळ्या गाडीला बसवलं.

ऑर्व्हिलची अंत्यविधीची पेढी होती. आमच्या गावात अँब्युलन्स आणि शववाहिनी ही एकच गाडी. छपरावर लाल दिवा ठेवला की अँब्युलन्स, काढला की शववाहिनी. दोन्ही वेळा चालवणारा ऑर्व्हिलच. त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना आजारी पडायची जरा धास्तीच वाटे. स्ट्रेचरवरून कुणी कण्हत म्हणालं, "ऑर्व्हिल, जरा जोरात हाण की," तर हा म्हणायचा, "काका, रस्ता खराब आहे, हाडं खिळखिळी होतील." न्हाव्याच्या दुकानात लोक म्हणत, "तो कशाला घाई करेल? गिऱ्हाईक कुठेही उतरलं तरी त्याचंच."

हे खोटं होतं. ऑर्व्हिल मुळातच सावकाश माणूस. जिच्याशी लग्न करायचं होतं तिला विचारायचा त्याचा धीर झाला, तोवर तिला दोन मुलं झाली होती.

त्याचा धाकटा भाऊ डेल्मस अगदी उलटा. आठवडाभर गॅरेजात काम करायचा आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीत गाडी पळवायचा. गाडी म्हणजे दुकानात मिळते तशी साधी घरगुती गाडी. दारं पट्ट्यानं आवळलेली, पुढच्या दिव्यांवर चिकटपट्ट्या आणि बाजूला पांढऱ्या बूटपॉलिशनं लिहिलेला नंबर. शर्यत झाली की नंबर पुसून त्याची बायको विल्मा त्याच गाडीतून किराणा आणायला जायची.

"डेल्मस, मला तुझी दाढी करायला लावू नकोस हं," ऑर्व्हिल त्याला म्हणायचा. आमच्या धंद्यात माणसाची शेवटची दाढी ऑर्व्हिलच करत असे.

"दादा, तुझ्या वस्तऱ्याला धार नाही. मी नाही मरायचा," असं डेल्मसचं उत्तर असे. मग दोघंही हसायचे, पण ऑर्व्हिल जरा कमी हसायचा.

त्या वर्षी गावाबाहेर भुईमुगाचं शेत खणून नवा डांबरी ट्रॅक केला होता आणि कामगारांच्या सुट्टीच्या सोमवारी तिथे पाचशे मैलांची शर्यत ठरली. साध्या गाड्या इतक्या लांब पळवण्याचा विचार तोवर आमच्या भागात कुणी केला नव्हता. करणाऱ्यानंही तो फार खोलात जाऊन केला असावा असं वाटत नाही. अँब्युलन्स हजर असल्याशिवाय शर्यत सुरू करायची नाही असा नियम होता. म्हणून आम्ही लाल दिवा लावून, ट्रॅकच्या मधल्या गवतावर सकाळपासून उभे होतो. ऊन मी म्हणत होतं. पुठ्ठ्याचे हातपंखे आमच्याच पेढीनं फुकट वाटले होते. हजारो माणसं 'टिमन्स, शेवटपर्यंत आपल्या सोबत' असं छापलेल्या पंख्यांनी वारा घेत शर्यत बघत होती.

विल्मा आमच्या गाडीत पुढच्या सीटवर बसली होती. नवऱ्याच्या गाडीचं सामान जिथे होतं त्या जागेत तिला जायची परवानगी नव्हती. बाई आत आली की अपशकुन होतो अशी तिथल्या पुरुषांची ठाम समजूत. हिरव्या रंगाच्या गाडीला आणि टरफलासकट शेंगदाण्यालाही ते तेवढेच घाबरत. ताशी नव्वद मैलांनी भिंतीजवळून जायला मात्र त्यांना काही वाटत नसे.

दुपार झाली आणि टायर फुटू लागले. नवं डांबर, वरून ऊन, जड गाड्या. माझे जातभाई कागदासारखे फाटत होते. वळणं सगळी डावीकडची, त्यामुळे सगळा भार उजव्या चाकांवर. बहुतेकांचा साठा संपला. मग शर्यतवाल्यांची माणसं प्रेक्षकांच्या उभ्या गाड्यांकडे वळली. काहींनी आपली चाकं हौसेनं काढून दिली, काहींना ते नंतर कळलं. एक पाद्रीबाबा लिंबू सरबत घेऊन परत आले तर त्यांची गाडी विटांवर बसलेली होती.

"भाऊजी, आपला डेल्मस तिसरा आहे," विल्मा म्हणाली.

"दिसतंय."

"त्याच्याकडचे टायर संपलेत."

"तेही दिसतंय."

"ह्या गाडीची चाकं त्याच मापाची आहेत."

ऑर्व्हिल सँडविच खात होता, त्याचा घास तोंडातच राहिला. "अगं, ही अँब्युलन्स आहे."

"सकाळपासून हललीय का जागची? दोनच मागतेय. उजवीकडची."

"आणि कुणाला लागलं तर?"

"त्याचा टायर बोडका झालाय, भाऊजी. तो फुटला तर लागेलच, आणि आपल्याच माणसाला लागेल. चालेल तुम्हाला?"

हा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. ऑर्व्हिललाही वाटला. त्यानं रुमालाची नीट घडी केली, खिशात ठेवली आणि जॅक काढला. गाडीची उजवी बाजू लाकडी ठोकळ्यांवर टेकवून त्यानं तिच्यावरून दफनाच्या वेळी लावायचं हिरवं छत सोडलं. थोड्या वेळानं बिल्ला लावलेला एक अधिकारी आला.

"टिमन्स, हे काय?"

"सावली."

"कुणासाठी?"

"ज्याला लागेल त्याच्यासाठी."

अधिकारी मान डोलावून गेला. ऑर्व्हिलच्या चेहऱ्याचा तेवढा फायदा होता. त्याला सहसा कुणी दुसरा प्रश्न विचारत नसे.

मी धावलो. त्याबद्दल काय सांगू? आयुष्यभर मी दुःखी माणसांच्या चालीनं चाललो होतो. आता मला विचार करायलाही उसंत नव्हती. डेल्मसनं गाडीच्या तळाला एक भोक पाडून त्यावर साखळीचं झाकण बसवलं होतं, टायर किती झिजला ते बघायला. मध्येच तो झाकण उचलून माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "वा रे म्हाताऱ्या!" एरवी माझ्याकडे फक्त कुत्री लक्ष देत. मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. आम्ही एकाला मागे टाकलं. आता पुढे फक्त क्लीटस बॉगन नावाचा गडी होता.

मी फुटलो नाही. हे मी शपथेवर सांगतो. एका मागे पडलेल्या गाडीचा टायर आमच्यासमोर फुटला, ती आडवी झाली आणि आम्ही तिच्यावर आदळलो. माझा पुढचा जोडीदार तिथेच फाटून गेला. डेल्मसची छाती स्टिअरिंगवर आपटली.

पिवळा झेंडा फडकला. सगळ्या माणसांनी अँब्युलन्सकडे हात केले. ऑर्व्हिलनं छत ओढून काढलं आणि सगळ्यांना ठोकळे दिसले.

  विल्मा तोवर कुंपण ओलांडून, जिथे बाईनं जायचं नाही त्याच जागेतून, पाना उचलून ट्रॅकवर पोचली होती. डेल्मसला गवतावर निजवलं होतं. ती माझे नट खोलू लागली.

"काय करतेस गं?" तो पुटपुटला.

"चाक काढतेय."

"का? शर्यत संपली?"

"गप्प पड. बोलू नकोस."

तिनं मला गवतावरून ढकलत नेलं. दुसऱ्या चाकाचं काय, हा प्रश्न होता. बॉगनच्या माणसांनी शेवटच्या फेऱ्यांसाठी एक चाक जपून ठेवलं होतं. त्यांच्यातला एक जाडजूड माणूस ते कडेवर घेऊन धापा टाकत आला. "आमचं बसेल," एवढंच म्हणाला. दिवसभर चाकं बदलून हात बसलेली सहा माणसं आमच्या गाडीला भिडली. त्या दिवसातलं सगळ्यात जलद काम ते. एरवी मी त्याची बढाई मारली असती.

आम्ही निघालो. ऑर्व्हिल पुढे, विल्मा मागे डेल्मसपाशी. लाल दिवा त्या गडबडीत गवतावरच राहिला.

आमच्याकडे रस्त्यावर काळी शववाहिनी दिसली की लोक आपली गाडी कडेला घेतात, खाली उतरतात आणि टोपी काढून उभे राहतात. ओळख असो वा नसो. मला ती पद्धत नेहमीच आवडायची. त्या दिवशी इस्पितळाच्या रस्त्यावर माणसं तशीच थांबू लागली. कापसाच्या शेतातला एक जण बांधावर टोपी छातीशी धरून उभा राहिला.

विल्मानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "घाला ती टोपी! जिवंत आहे तो!"

पुढे एक ट्रकवाला. "ए दादा, टोपी घाल डोक्यात! जिवंत आहे म्हटलं ना!" त्यानं घाबरून ती उलटीच घातली. चर्चपाशी दोन म्हातारे, त्यांनाही तिनं तसंच झापलं. ऑर्व्हिलनं गाडी इतकी जोरात हाकली की मला वाटलं, हा तो नव्हेच. प्रत्येक वळणावर मी रस्ता घट्ट धरून ठेवत होतो. त्याहून जास्त मला काही करता येत नव्हतं.

मग पेट्रोल पंप आला. तिथे चार-पाच माणसं उभी होती. त्यांनी टोप्या काढल्या.

खिडकीतून आवाज आला नाही.

त्यापुढे एक बाई आणि तिची मुलं. मुलानं टोपी काढली. आवाज नाही.

ऑर्व्हिलनं मागे वळून पाहिलं नाही. त्याचा पाय पेडलवरून उठला नाही. उलट माझ्यावरचा जोर वाढला. इस्पितळाच्या दारात त्यानं असा ब्रेक मारला की माझ्या अंगातून धूर निघाला.

डॉक्टर म्हणाले, "छातीत काही शिल्लकच नव्हतं. लगेच आणला असतात तरी उपयोग झाला नसता." ऑर्व्हिल "बरं" म्हणाला. येताना आम्ही आमच्या नेहमीच्या चालीनं आलो. बॉगन त्या शर्यतीत शेवटी टायर फुटून मागे पडला. दिलेल्या चाकाबद्दल तो पुढे कधी एक शब्द बोलला नाही.

ऑर्व्हिलनं नंतर दुसरी गाडी घेतली, फक्त जिवंत माणसांसाठी, आणि मला तिला बसवलं. ती तो सुसाट पळवायचा. आता गावातले म्हातारे म्हणू लागले, "ऑर्व्हिल, जरा हळू की रे!"

मी झिजलो तेव्हा त्यानं मला विल्माच्या अंगणात आणून टाकलं. तिनं माझ्या पोटात माती भरून झिनियाची रोपं लावली. गेली कित्येक वर्षं मी इथेच आहे. फुलं वाहायची मला सवय आहे. ऑर्व्हिल दर रविवारी चर्चनंतर जेवायला येतो. तळलेली कोंबडी, भेंडी, गार गोड चहा. मग दोघं ओसरीवर माझ्याकडे तोंड करून बसतात आणि हवेबद्दल बोलतात. चाकं मागितली तिनं, दिली त्यानं. डॉक्टरांवर दोघांनीही विश्वास ठेवला नव्हता, आणि त्याबद्दल ते एकमेकांशी कधी बोलले नव्हते. मला भीती वाटायची, एखाद्या रविवारी तो यायचाच थांबेल आणि मग ह्या दोघांना जगात आपलं असं कुणी उरणार नाही.

गेल्या रविवारी विल्मानं ग्लास खाली ठेवला.

"भाऊजी, पेट्रोल पंपापाशी मी ओरडले नाही. तेव्हा तुम्हाला कळलं होतं ना?"

ऑर्व्हिलनं नेहमीसारखा वेळ घेतला. "हो."

"मग गाडी हळू का नाही केलीत?"

"तू सांगितलं नव्हतंस मला."

 विल्मा म्हणाली, "नसतंच सांगितलं." आणि उठून तिनं त्याच्या ग्लासात आणखी चहा ओतला. पुढच्या रविवारी भेंडी करू की वाल, असंही विचारलं. तो म्हणाला, वाल.

माझं आता फार उरलेलं नाही. रबराला भेगा पडल्यात, त्यातून मुळं बाहेर येतात. तुमच्याकडे एकच मागणं आहे. रस्त्यावर कधी शववाहिनी भरधाव जाताना दिसली, तर तिला वाट द्या, पण टोपीला एवढ्यात हात लावू नका. आत बसलेल्या माणसानं अजून सांगितलेलं नसेल.