आधी सेव्ह, मग गाव

"आमचं गाव घातलं का गं?" सरपंच सरजाबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं आणि नेमकी लाईट गेली. टेबलाखालचा यूपीएस टूं टूं करू लागला.

नव्या तालुक्याच्या कचेरीत पंचशीला कॉम्प्युटरवर बसायची, कंत्राटी. टँकर मागणाऱ्या गावांची यादी आजच लातूरला जायची होती. तीस गावं टाकून झाली होती. एकतिसावं, सरजाबाईंचं, तेवढं राहिलं होतं. एरवी बॅटरी दहा मिनिटं टिके. आज मात्र टूं टूं लगेच भरभर होऊ लागलं, म्हणजे बॅटरी संपत आलेली; तशी ती खाली वाकली. यूपीएसच्या बोर्डाला मोठे बाबू अमृतरावांचा टेबलफॅन! लाईट गेली तरी वारा राहावा, ही त्यांची अक्कल.

तिने पिन उपसली.

"अगं, उकडून राहिलंय," अमृतराव म्हणाले.

"उकडू द्या काका."

"एकच वळ हाय की. टाक पटकन," सरजाबाई म्हणाल्या. "बाया कोसभर घागरी घेऊन हिंडून राहिल्या."

पंचशीलाचं काळीज तुटलं. पण मागच्या महिन्यात असंच 'एकच ओळ' म्हणता म्हणता कॉम्प्युटर धाडकन बंद पडला, फाईल बिघडली, आणि सगळी गावं दोन दिवस पाण्यावाचून राहिली. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला होता.

"मावशी, आधी तीस गावं सांभाळते. मग तुमचं."

तिने सेव्ह केलं, फाईल मिटली, शट डाऊन दाबलं. पडदा पुरता काळा झाल्यावरच यूपीएसचं बटण बंद केलं.

"आमचंच राह्यलं. नोकरीवाल्यांना काय त्याचं," म्हणत सरजाबाई पायरीवर जाऊन बसल्या.

शब्द लागला. पण पंचशीला घरी गेली नाही, लाईटची वाट बघत बसली.

पावणेसहाला लाईट आली. अमृतराव केव्हाच पसार झाले होते. तीसच्या तीस गावं जागच्या जागी होती. तिने एकतिसावं टाकलं, यादी पाठवली. सरजाबाईंनी आत येऊन पडद्यावर गावाचं नाव पाहिलं आणि पिशवी उचलून निघून गेल्या. पंचशीलाने पुन्हा सगळं रीतसर बंद केलं. शाबासकी कुणी दिली नव्हती, तरी तिला मनातून बरं वाटत होतं.

तिची शेवटची बस गेली होती. मुखेडकडं जाणारी काळीपिवळी जीप खच्चून भरलेली. बस चुकली की नेहमी करायची तशी पंचशीला मागं लटकायला निघाली. पुढं ड्रायव्हरशेजारी सरजाबाई होत्या. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली, अंग चोरलं आणि दार उघडून धरलं.

"हितं ये बाई," त्या म्हणाल्या. "मागं कशाला?"