वाळूचा दांडा हालला तर

मी एक जुनी पत्र्याची टाकी आहे. लांबट, उथळ, एका टोकाला हलणारी लाकडी फळी बसवलेली. मित्रांनो, तुम्हाला आत्मवृत्त लिहायला सांगतात तेव्हा फळ्यावर आधी मुद्दे लिहून देतात: जन्म, बालपण, उमेदीचे दिवस, कौतुक, उपेक्षा, संदेश. माझं आयुष्य वर्गाच्या कोपऱ्यात गेलं, त्यामुळे मला ते पाठ आहेत. मी त्याच क्रमाने सांगायला लागते. क्रम टिकेल असं वचन देत नाही. माझ्या पोटात ठेवलेलं काहीच जागेवर टिकत नसे, आणि तेवढ्यासाठीच मला बनवलं होतं.

जन्म

इंदूरला, पोलोग्राउंडवर, तुकोजींच्या कारखान्यात. तुकोजींचे आजोबा संस्थानच्या तोफखान्यात होते. नातू पत्र्याच्या पेट्या आणि बादल्या ठोकत होता. संस्थान विलीन होऊन मध्य भारत नावाचं नवं राज्य झालं होतं, आणि नव्या राज्यालाही बादल्या लागतच होत्या.

एका दुपारी यशोधराबाई आल्या. त्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत. त्यांनी खडूने जमिनीवर माझा आकार काढून दाखवला.

"बाईजी, एवढी लंबी आणि एवढी उथळ?" तुकोजी म्हणाले. "नहायच्या कामाची नाही ही. म्हैस बसवायची आहे का?"

"म्हैस नाही, तुकोजी. समुद्र बसवायचाय."

"इंदूरात?"

"इंदूरातच. इथेच गरज पडली आहे."

तुकोजी हसले. "मग जोड पक्के पाहिजेत, भई. समुद्र गळला तर सगळं शहर माझ्या नावाने ओरडेल."

बालपण

नव्हतं. पत्रा वाकवला, जोडला आणि हातगाडीवरून मला शाळेत नेलं. पुढचा मुद्दा.

उमेदीचे दिवस

फळीच्या बाजूला पाणी, म्हणजे समुद्र. दुसऱ्या टोकाला काळी माती थापून केलेला किनारा. या दोघांच्या मध्ये, किनाऱ्याला समांतर, नर्मदेच्या वाळूचा एक लांब, अरुंद उंचवटा. कोकणात अशा जागेला दांडा म्हणतात. पुढे समुद्र, मागे खाडी, मध्ये वाळूची पट्टी. तिच्यावर माड उगवतात, माणसं घरं बांधतात, आणि काही वर्षांनी ती पट्टी आपल्या आजोबांनी बनवली असावी असं वागू लागतात.

एक मुलगी फळी मागेपुढे हलवी. लाट उठून दांड्यावर जाई. समुद्राकडची वाळू उचलून माथ्यावरून पलीकडे खाडीत टाकी. पुन्हा लाट, पुन्हा तेच. दांडा पुढून झिजे आणि मागून वाढे.

"तो नाहीसा होत नाही," यशोधराबाई सांगत. "तो मागे सरकतो. कण कण उलटा पडत किनाऱ्याकडे चालतो. मोठं वादळ आलं की मध्येच फुटतो. खाडीला नवीन तोंड पडतं, जुनं बुजतं. नकाशावर नाव तेच राहतं. जागा ती राहत नाही."

"बाई, आणि त्याच्यावर कुणाचं घर असलं तर?" एका मुलीने विचारलं.

"घराला चालता येत नाही," बाई म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मला हे दिवस आवडत. दांडा सरकला की मुली ओरडत. तो फुटला की एकमेकींना चिमटे काढत. मग बाई हाताने वाळू पुन्हा रचत आणि आम्ही नव्याने सुरुवात करत असू.

फळ्यावर नसलेला मुद्दा

आता क्रम मोडावा लागतो. मला का बनवलं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

यशोधराबाईंचे वडील अप्पासाहेब. दरबारी नोकरीत आयुष्य गेलेलं. विलीनीकरणात त्यांचं खातंच उठलं. तेव्हापासून ते कोकणात मूळ गावी परत जायचं म्हणत, आणि त्यासाठीच बाईंनी मला करून घेतलं होतं. ते शाळेच्या कमिटीवर होते. एकदा सभा संपल्यावर ते मुलीच्या वर्गात आले आणि माझ्या काठाला काठी टेकवून उभे राहिले.

"चुलतभाऊ दांड्यावरची वाडी द्यायला तयार आहे," ते म्हणाले. "इथलं मल्हारगंजचं घर विकून टाकतो. मी आणि तुझी आई जाऊन राहतो मूळ गावी."

"अप्पा, मे महिन्यात मी आणि आई गावच्या देवीला गेलो होतो तेव्हा पाहिलं. तुम्ही सांगता ती वाडीतली विहीर आता समुद्रात आहे. भरतीला तिच्या कठड्यावर लाटा फुटतात."

"दुसरी विहीर असेल."

"पुळणीवर माडांचे नुसते बुंधे उभे आहेत."

"माड म्हातारे होतात. माणसं होतात तसे." अप्पासाहेब बाकावर बसले. "हे बघ, यशू. संस्थान कागदावर होतं, ते कागदावर गेलं. इथली राजधानीसुद्धा हिवाळ्यात ग्वाल्हेरला जाते आणि उन्हाळ्यात इकडे येते, माहेरवाशिणीसारखी. जमीन तेवढी कुठे जात नाही. मला आता न हालणारं काहीतरी पाहिजे."

"तीच जमीन हालते, अप्पा. मी दाखवते."

"ह्या डब्यात?"

"ह्याच डब्यात. शाळेच्या प्रदर्शनाला या. सगळ्यांसमोर दाखवते."

अप्पासाहेब मोठ्याने हसले. "ठीक. तुझा दांडा हालला तर सौदा मोडला. घर विकत नाही. नाही हालला तर मात्र पुन्हा हा विषय काढायचा नाही."

"शब्द?"

"दरबारचा माणूस आहे मी. दुसरं काय होतं आमच्याजवळ द्यायला?"

असं एक घर माझ्या पोटात येऊन बसलं. त्या घरात यशोधराबाई जन्मल्या होत्या, आणि त्यांची आई इंदिराबाई रोज संध्याकाळी ओट्यावर बसून लेकीची वाट पाहत असे.

कौतुक

माझं कौतुक आयुष्यात एकदाच झालं. ते कसं झालं ते नीट ऐका.

शाळेत चित्रकलेचे गजाननराव होते. हात गोड, स्वभाव त्याहून गोड. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापिका शालिनीबाई त्यांना माझ्याजवळ घेऊन आल्या.

"अप्पासाहेब स्वतः येणार आहेत. त्यांच्यासमोर काही तुटता-फुटता कामा नये. बघा बुवा, गजाननराव."

"ये तो रोज फुटतंय, बाई. मी पाहिलंय ना वर्गात."

"तेच म्हणते मी."

शाळा सुटल्यावर गजाननरावांनी दांड्याची वाळू बाजूला काढली. प्लॅस्टर कालवलं, त्यात मूठभर वाळू घातली आणि तस्साच दांडा घडवला. वरून कोरडी वाळू भुरभुरवली. तारेचे माड रोवले. पुठ्ठ्याचं एक कौलारू घर ठेवलं, त्याला खिडक्या रंगवल्या. प्लॅस्टर जमताना गरम होतं, मित्रांनो. मला ताप चढल्यासारखं झालं. नेहमी भुसभुशीत, अस्वस्थ असणारं माझं पोट गप्प पडलं.

"बस," गजाननराव माझ्या पत्र्यावर थाप मारून म्हणाले, "आता तोफ लावली तरी हालायचा नाही. यशोधराबाई खूश होऊन जातील."

त्यांना पैजेची कल्पना नव्हती. ती बापलेकीखेरीज कुणालाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी रांगोळ्या, अत्तर, गुलाबपाणी. अप्पासाहेब पगडी घालून आले. इंदिराबाई मागे उभ्या होत्या. यशोधराबाईंनी तारेचे माड पाहिले, त्या किंचित हसल्या आणि त्यांनी स्वतः फळी धरली.

पहिली लाट गेली. वरची वाळू थोडी घसरली. बाईंनी जोर वाढवला. लाट माथ्यावरून पलीकडे पडली. दांडा ओला होऊन चकाकला. बाईंनी दोन्ही हातांनी फळी धरली. पाणी उसळून अप्पासाहेबांच्या जोड्यांवर उडालं. पुठ्ठ्याचं घर भिजून वाकलं, पण दांडा जागच्या जागी होता.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"क्या बात है! काय मजबूत बनवलंय," कुणीतरी म्हणालं. टाळ्या वाढल्या. त्या माझ्यासाठी होत्या.

यशोधराबाईंनी फळी सोडली आणि दांड्यात नख रोवलं. नख मुडपलं. "अप्पा, ह्यात कुणीतरी प्लॅस्टर घातलंय."

"हरल्यावर प्लॅस्टर आठवलं का?" अप्पासाहेब मिशीत हसले.

"खरं सांगते. गजाननराव, तुम्ही..."

गजाननराव एक वाकडा झालेला माड सरळ करू लागले. शालिनीबाई म्हणाल्या, "अप्पासाहेब, चहा गार होतोय." मला पहिला नंबर मिळाला. माझ्या काठाला लाल फीत बांधली गेली.

कौतुक, पुढे चालू

दुसऱ्या दिवशी गजाननराव आपण होऊन आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"बाई, फजिती नको म्हणून केलं हो मी. पैज होती हे मला काय माहीत?"

"आता माहीत झालं ना? चला, अप्पांना सांगा."

"काय सांगू? कमिटीच्या मेंबरला भर सभेत फसवलं म्हणून? माझी नोकरी अजून कच्ची आहे, बाई. आप तो समझती हो."

"समजते," यशोधराबाई म्हणाल्या. त्यानंतर त्या गजाननरावांशी कधी बोलल्या नाहीत.

त्यांनी खुरप्याने प्लॅस्टर फोडून काढलं. एक घाव माझ्या तळाला बसला, तो तुकोजींनी येऊन बुजवला. खरी वाळू परत आली. त्या वडिलांना बोलवायला गेल्या आणि एकट्याच परत आल्या. अप्पासाहेब म्हणाले होते, दरबारात एका अर्जाची सुनावणी दोनदा होत नसते.

इंदिराबाई मात्र आल्या. मुली घरी गेल्या होत्या. त्यांनी पदर खोचला, फळी हातात घेतली आणि स्वतः हलवली. दांडा सरकला. सरकत सरकत मध्ये फुटला. त्या भेगेतून पाणी खाडीत शिरताना त्यांनी पाहिलं.

"असं होय," त्या म्हणाल्या. "मला त्या विहिरीपाशीच वाटलं होतं."

"मग तू जाऊ नकोस, आई. माझ्याजवळ राहा."

"हे एकटे जातील का? यांना साधी चहाची पातेली सापडत नाही स्वयंपाकघरात." त्यांनी पदराने हात पुसले. "तू मला दाखवलंस, बरं केलंस. निदान मला कळून जायला मिळालं."

उपेक्षा

घर विकलं गेलं. यशोधराबाईंनी त्याच गल्लीत एक खोली भाड्याने घेतली. घरावरून जायला नको म्हणून त्या लांबच्या रस्त्याने शाळेत येत. मला वर्गातून काढून मागच्या पडवीत ठेवलं. शिपाई माझ्यात झाडू ठेवत. कोकणातून खुशालीची पत्रं येत, हे मला बाईंच्या चालण्यावरून कळे. त्या दिवशी त्या पडवीत येऊन माझ्यातले झाडू काढून टाकत.

मग एका पावसाळ्यानंतर त्या आल्या आणि झाडू काढले नाहीत.

शिपायांच्या बोलण्यातून मला समजलं. वादळात दांडा मध्येच फुटला. गाव आणि वाडी यांच्यामध्ये खाडीचं नवीन तोंड पडलं. इंदिराबाई तापाने आजारी होत्या. डॉक्टर पलीकडच्या काठावर होता आणि त्या धारेत होडी घालायला कुणी तयार नव्हतं. पाणी उतरेपर्यंत त्या उरल्या नाहीत. जी वाळू शिल्लक होती तिच्यावरच त्यांना अग्नी दिला.

अप्पासाहेब एकटे इंदूरला परत आले. त्याच सुमारास मध्य भारतही मोडून मोठं राज्य होणार अशी बोलणी चालली होती. ते लेकीच्या खोलीत राहू लागले, आणि एका संध्याकाळी तिच्यामागोमाग पडवीत आले.

"चालव," ते म्हणाले.

यशोधराबाईंनी मला धुतलं. माती थापली, पाणी भरलं, दांडा रचला. अप्पासाहेब उकिडवे बसले. डोक्यावर पगडी नव्हती.

"आपलं घर कुठे?"

बाईंनी दांड्याच्या मध्यावर बोट ठेवलं.

"आणि इंदिरेला जिथे..."

बाईंनी दुसरं बोट समुद्राच्या बाजूला, काठाजवळ ठेवलं. ते बोट त्यांनी बराच वेळ उचललं नाही. मग दोन्ही जागी एकेक खडा ठेवला आणि फळी धरली.

काठाजवळचा खडा आधी गेला. त्याच्याखालची वाळू निघाली आणि तो पाण्यात उतरला. अप्पासाहेबांचा हात पुढे झाला आणि हवेतच थांबला. थोड्या वेळाने मधला खडा कलला.

"थांबव," ते म्हणाले.

बाई थांबल्या नाहीत.

"यशू, पुरे."

"अजून फुटायचाय, अप्पा."

दांडा फुटला. पाणी गढूळ होऊन खाडीत शिरलं. मागच्या बाजूला नवी वाळू साचत होती, कोरी, कुणाचीही नसलेली.

"प्लॅस्टर खरंच घातलं होतं?"

"हो."

"मग तू मला पुन्हा सांगायचं नाहीस?"

"सांगितलं होतं."

अप्पासाहेब काठी शोधू लागले. ती त्यांच्या हातातच होती. बाईंनी त्यांना उठायला हात दिला नाही. ते स्वतः उठले आणि भिंतीला धरत बाहेर गेले. बाई लाटा देत राहिल्या, वाळू माझ्या दुसऱ्या भिंतीला टेकेपर्यंत.

संदेश

मित्रांनो, हा शेवटचा मुद्दा. माझ्यासारख्या जुन्या वस्तूने इथे म्हणायचं असतं की मला टाकून देऊ नका, घासूनपुसून ठेवा, माझी काळजी घ्या.

मी ते म्हणणार नाही. शालिनीबाईंनी माझी काळजी घेतली. गजाननरावांनी तर किती मायेने घेतली, तारेचे माडसुद्धा लावले. यांच्यात वाईट कुणीच नव्हतं. सगळ्यांना पाहुण्यांसमोर शाळेची शोभा राखायची होती. शोभा राहिली. इंदिराबाई राहिल्या नाहीत.

आता माझा तळ गंजतो आहे. गंजू द्या. पण उद्या तुम्ही प्रदर्शनात काही मांडाल, आणि ते मुळातच सरकणारं, फुटणारं, मोडणारं असेल, तर त्याला आतून घट्ट करू नका. समोर कमिटी बसलेली असो, नाहीतर तुमचे स्वतःचे वडील. त्यांच्यासमोर मोडू द्या. त्यांचे जोडे भिजू द्या.

टाळ्या पडणार नाहीत. माझ्यासाठी एकदा पडल्या होत्या. त्या पुरे झाल्या.