उजवीकडचा आवाज

मी एक तबकडी बोलतेय. माझ्यात गाणी शोधू नका, सिनेमाही नाही. माझ्या पोटात आहेत राखाडी पट्टे, रंगीत चौकोन, एका बाईचा चेहरा आणि ‘शूऽऽ’ असा एक कंटाळवाणा आवाज. घरातल्या टीव्हीचे रंग आणि स्पीकरचे आवाज जागेवर आहेत की नाहीत, हे तपासायला मला बनवलंय. पाहुणे आले म्हणून कुणी हौसेनं मला लावलंय, असं आजवर झालेलं नाही.

ज्या यंत्राखालून मी निघाले, त्याच यंत्राखालून सिनेमांच्या तबकड्याही निघत होत्या. त्यांच्या वेष्टनावर नायक-नायिका आले, माझ्या वेष्टनावर पट्टे. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? खोटं बोलणं माझ्या धंद्यातच बसत नाही.

दुकानात माझ्या शेजारी माझ्याच जातीची, पण भलती नटवी तबकडी होती. तिच्यावर धबधबा, पोपट, आतषबाजी. येणारा प्रत्येक जण आधी तिलाच हात घालायचा. मी आपली धूळ खात पडलेले.

एके दिवशी फोरमन आले, सोबत त्यांची मुलगी. तिनं आईबाबांसाठी मोठा टीव्ही आणि पाच स्पीकरचा संच घेतला होता. फोरमन बसदुरुस्तीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, पण गल्लीत आणि नातेवाइकांत त्यांना अजून फोरमनच म्हणत. त्यांनी आम्हा दोघींना हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि विचारलं, “फरक काय हो या दोघींत?”

“काका, ही पोपटवाली तुमचा संच किती भारी आहे ते दाखवते,” दुकानदार म्हणाला. “आणि ही पट्टेवाली, त्यात काय बिघडलंय ते दाखवते.”

“मग बिघाड दाखवणारीच द्या. आमचा जन्म त्यातच गेला.”

माझी छाती अशी फुगली म्हणता! दुकानदारानं आवाज मोजायचं एक छोटं मीटरही पुढे केलं. फोरमननी ते परत सरकवलं. “मीटर कशाला? चालू इंजिनाला कान लावून कुठला नट ढिला आहे ते सांगायचो मी. कान आहेत की!”

मुलगी हसली. तेव्हा मलाही ते खरंच वाटलं.

पहिल्या दिवशी चित्राचं काम झालं. नवा टीव्ही दुकानातूनच रंगपंचमी खेळून आल्यासारखा भडक होता. पडदे ओढून फोरमननी माझे पट्टे लावले, काळा काळ्यासारखा आणि पांढरा पांढऱ्यासारखा केला. शेवटी माझ्यातल्या बाईचा चेहरा आला.

“अगोबाई, हिची कावीळ उतरली की!” त्यांची बायको म्हणाली.

मग दोन-चार दिवस ‘टीव्ही फिका पडला’ अशी कुरकुर चालली. माणसांचं हे असंच. भडक रंगाची सवय झाली की खरा रंग आजारी वाटतो. आठवड्यात मात्र सगळे रुळले.

आवाजाचं काम मात्र अडलं. माझा ‘शूऽऽ’ एकेका स्पीकरमधून फिरतो, आणि खुर्चीत बसणाऱ्याला तो सगळीकडून सारखा ऐकू आला पाहिजे. फोरमन आपल्या खुर्चीत बसले, ऐकलं आणि म्हणाले, “उजव्याचा आवाज बसलाय.”

त्यांनी वायर बदलली. उजवा बसलेलाच. मग उजव्याच्या जागी डावा आणि डाव्याच्या जागी उजवा स्पीकर ठेवून पाहिला. तरी उजवीकडचाच आवाज कमी. “म्हणजे भिंतीचा दोष,” असं म्हणून त्यांनी उजवीकडचं कपाट हलवलं, पडदा काढला, तिथे सतरंजी टांगली. बायकोनं कपाळाला हात लावला. शेवटी त्यांनी उजव्या स्पीकरचा आवाज चांगला वाढवला आणि समाधानानं मान हलवली.

मी पाचही स्पीकरना सारखंच वाढत होते हो. पण मला ‘शूऽऽ’खेरीज दुसरं काही म्हणता कुठे येतं?

त्यांची बायको नेहमी उजवीकडच्या खुर्चीत बसायची. स्वयंपाकघराला ती जवळ, म्हणून लग्नापासूनची ती तिची जागा. आता मालिकेतली माणसं तिच्या कानाशी खेकसायला लागली. तिनं दोन दिवस सोसलं, मग ती आत जाऊन बसायला लागली.

एरवीही त्यांच्यात बोलणं कमीच होतं. ती काही सांगायची, हे समोर बघत राहायचे. पुन्हा सांगायची, तेव्हा “काय?” म्हणायचे. तिसऱ्यांदा ती म्हणायची, “काही नाही.” टीव्हीखालच्या खणात पडल्या पडल्या हे ‘काही नाही’ मी इतक्यांदा ऐकलं की मला ते पाठ झालं.

मग मुलगी सुट्टीला आली. आई एकटी आत बसलेली बघून तिनं विचारलं, “भांडलात का?”

“भांडायला समोरच्यानं उत्तर द्यावं लागतं,” आई म्हणाली. “तुझा मामा गेला ना, तेव्हा मी यांच्या शेजारी बसून किती बोलले असेन. लहानपणचं सगळं. यांनी हूं नाही की चूं नाही. समोर बघत बसले. त्या दिवशीच मी ओळखलं, या माणसाला माझं काही ऐकायचंच नाही.”

मुलगी बाहेर येऊन बाबांच्या खुर्चीत बसली, टीव्ही लावला आणि दचकलीच. “बाबा, उजवा केवढा मोठा ठेवलाय!”

“तो बसलाय. सगळं बदलून बघितलं मी.”

“सगळं?”

“वायर, स्पीकर, भिंतसुद्धा.”

तिनं मला खणातून काढलं. पाचही आवाज सारखे केले आणि म्हणाली, “एकच गोष्ट राहिली. खुर्ची फिरवा आणि टीव्हीकडे पाठ करून बसा.”

“हा काय पोरखेळ?”

“बसा तर खरं.”

फोरमन कुरकुरत पाठमोरे बसले. मी माझा ‘शूऽऽ’ फिरवू लागले. आता डावा स्पीकर त्यांच्या उजव्या हाताला आला होता. त्याची पाळी आली आणि फोरमनचा चेहरा बदलला. आता डाव्याचा आवाज बसला होता. आणि इतके दिवस ज्याला नावं ठेवली, तो उजवा स्पीकर ठणठणीत ऐकू येत होता.

बिघाड शोधायची त्यांची स्वतःचीच रीत होती ती. एकेक भाग बदलत जायचं, ज्याच्याबरोबर बिघाड सरकतो तो भाग खराब. आयुष्यभर शिकाऊ मुलांना त्यांनी हेच शिकवलं होतं. या वेळी बिघाड सरकला होता तो त्यांच्याचबरोबर, त्यांना कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

“उजवाच कान लावायचो मी इंजिनाला,” ते हळूच म्हणाले.

बायको दारात येऊन उभी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या रिकाम्या खुर्चीकडे. “अगं, तू इतकी वर्षं या बाजूनं बोलत होतीस?”

“बोलत होते. मग सोडून दिलं.”

“तुझा भाऊ गेला तेव्हा... मला वाटलं, तू गप्प बसून रडतेयस. म्हटलं, रडू दे, मध्ये बोलू नये.”

तिनं पदर तोंडाशी धरला. इतकी वर्षं तिनं मनात धरलेला राग आता ठेवायचा कुठे, हे तिला कळेना. मला फार भरून आलं. पण माझं मेलं ‘शूऽऽ’ चालूच!

फोरमन उठले. तिची खुर्ची उचलून त्यांनी आपल्या डाव्या बाजूला ठेवली.

आता त्यांच्या उजव्या कानात ऐकायचं यंत्र आहे. उजवा स्पीकर इतरांच्या बरोबरीला आलाय, सतरंजी पुन्हा जमिनीवर आलीय. माझ्या अंगावर चार ओरखडे पडलेत आणि ज्या यंत्रांत मी फिरते ती यंत्रंही आता कमी होत चाललीत. एखाद्या दिवशी मी भंगारात जाईन. त्याचं दुःख नाही. जाता जाता एवढंच मागते, समोरच्याचा आवाज बसलाय असं वाटलं तर आधी आपली खुर्ची एकदा फिरवून बघा.

त्या संध्याकाळचं शेवटचं सांगायचं राहिलं. ती डावीकडे येऊन बसली. फोरमन म्हणाले, “तुझ्या भावाचं लहानपणचं काय सांगत होतीस? आता सांग.”

“आधी ते बंद करा,” ती म्हणाली.

त्यांनी बटण दाबलं आणि मी गप्प झाले.